चाळीसचा काका, पंचवीसचा मामा

आमच्या घरात कॉम्प्युटर आला तो आधी भांडण म्हणून आला, मशीन नंतर आलं. आणि भांडण म्हणजे साधंसुधं नव्हे, सासर विरुद्ध माहेर. एका बाजूला बाबांचे धाकटे भाऊ, ठाकुर्लीचे बाळूकाका. दुसऱ्या बाजूला आईचा धाकटा भाऊ, ठाण्याचा अरुणमामा. एरवी दोघं एकमेकांना ‘बाळासाहेब’ आणि ‘अरुणराव’ म्हणत, ताटात एकमेकांना आग्रह करत. पण त्या वर्षी पावसाळा सरता सरता दोघांमध्ये जे जुंपलं, ते पाहून आमच्या शेजारच्या खानोलकरकाकूंना वाटलं, गावची जमीन निघाली वाटतं वाटणीला. जमीन कसली आलीय! भांडण होतं कॉम्प्युटरच्या आतल्या नखाएवढ्या चिपवरून. तीनशे शहाऐंशी घ्यायचा की चारशे शहाऐंशी.

आम्ही डोंबिवली पूर्वेला दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये राहत होतो. दोन खोल्या म्हणायच्या, पण बाहेरची खोली आमची नव्हतीच, ती बाबांच्या बोर्डाची होती. बाबा ड्राफ्ट्समन. ठाण्याच्या एका आर्किटेक्टसाहेबांकडे त्यांचं काम, आणि निम्मं काम घरी. खिडकीला लागून तिरका लाकडी बोर्ड, त्यावर टी-स्क्वेअर, त्यावर ताणून चिकटवलेला ट्रेसिंग पेपर. त्या बोर्डावर कप ठेवायचा नाही, कोपर टेकायचं नाही, त्याच्या जवळ उभं राहून शिंकायचंसुद्धा नाही. पाहुणे आले की आई त्यांना आधी बोर्डाची ओळख करून द्यायची आणि मग आमची. बाबांच्या सदऱ्याला कायम अमोनियाचा वास असे, कारण नकाशाच्या निळ्या प्रती अमोनियावर निघत. आईने कितीही साबण चोळला तरी तो वास जात नसे. मला आजही कुठे तसा उग्र वास आला तर नाक मुरडण्याऐवजी भूक लागते, कारण बाबा घरी आले की पानं मांडली जायची.

आणि आवाज. पहाटे दूधवाल्याच्या कडीच्या आवाजाआधी मला ऐकू येई ते बाबांचं पातं. ट्रेसिंग पेपरवर शाईची रेघ चुकली तर ती रबराने जात नाही. दाढीचं पातं बोटात आडवं धरून, अगदी हलक्या हाताने, कागद न फाटू देता वरची शाई खरवडून काढायची. खर्र, खर्र, थांबून फुंकर, पुन्हा खर्र. माझ्या लहानपणी हा आवाज क्वचित यायचा. बाबांची रेघ चुकतच नसे. त्यांची अक्षरं बघायला साहेबांच्या ऑफिसातली नवी मुलं यायची. पण मी कॉलेजात जायला लागले तोवर पातं रोज वाजू लागलं होतं. बाबांचा उजवा हात थरथरायला लागला होता.  आई चहाचा कप अर्धाच भरून द्यायची.

त्यातच साहेबांनी सांगून टाकलं की दिवाळीनंतर हाताने काढलेले नकाशे नकोत, सगळं कॉम्प्युटरवर. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, “तुमची मुलगी क्लासला जाते ना? तिला करू दे. घरी मशीन घ्या, काम मी तुम्हालाच देतो.” मी ठाण्याला नौपाड्यातल्या एका क्लासात नकाशे काढायचा प्रोग्रॅम शिकत होते, आणि खरं सांगते, मला त्याचं वेड लागलं होतं. माउस हलवला की काळ्या पडद्यावर रेघ ताणली जायची, ती मी म्हणेन तितकी लांब आणि म्हणेन तिथे थांबायची. रात्री डोळे मिटले की मला भिंती आणि दारं दिसायची. बाबांचा प्रॉव्हिडंट फंडातला पैसा काढायचं ठरलं. मशीन एकदाच घेता येणार होतं. ते चुकलं तर बाबांचं काम जाणार होतं, आणि माझ्यासाठी आईच्या मावशीने एका पतपेढीत क्लार्कची जागा बघून ठेवलीच होती. त्या पतपेढीचा जिना चढताना मला दोनदा रडू आलं होतं, इतकी ती जागा मला नको होती.

आता काका आणि मामा. काका ठाकुर्लीला घरच्या पडवीत सुटे भाग आणून मशीनं जुळवायचे. त्यांच्या अंगठ्याला नेहमी सोल्डरिंगचा डाग. त्यांचं म्हणणं तीनशे शहाऐंशीच घ्या, चाळीस मेगाहर्ट्झवाला. मजबूत, पारखलेला आणि स्वस्त. मामा बँकेत होता आणि महिन्याला एक इंग्रजी कॉम्प्युटर मासिक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायचा. त्याने एका ओळखीच्या दुकानातून स्वतःसाठी मशीन ठरवलंच होतं, तो म्हणे तेच तुम्ही घ्या, मी माझं नंतर बघतो. ते होतं चारशे शहाऐंशी, पण पंचवीस मेगाहर्ट्झचं. इथेच सगळा घोळ झाला. आईला पहिल्या दिवसापासून पडलेला प्रश्न बाबांनी मोठ्याने विचारला, “अरुण, पंचवीस चाळीसपेक्षा जास्त कसे रे?”

“भावोजी, कढई घ्या,” मामा म्हणाला. समोर खरोखरच बटाटेवडे होते. “बाळासाहेबांची कढई तासाला चाळीस घाणे काढते. पण एका घाण्यात दोनच वडे. माझी पंचवीसच घाणे काढते, पण एका घाण्यात चार चार. आता सांगा, वडे कुणाचे जास्त?”

“आणि कढईची किंमत?” काका म्हणाले. “तेवढ्या पैशात माझ्या कढईबरोबर गॅसची शेगडी येते, सिलिंडर येतो, वर वहिनींना एक साडी येते.”

“साडी नको मला,” आई म्हणाली. ती अर्थातच भावाच्या बाजूची होती. इतकी की त्या दिवशी मामाच्या ताटात वडे संपायच्या आत नवे पडत होते आणि काका चटणी मागून मागून दमले. बाबा दोन्हीकडे बघून हसायचे आणि पुढचा वडा उचलायचे. बायकोचा भाऊ आणि स्वतःचा भाऊ समोर बसले की शहाण्या माणसाने वडा खावा, हे त्यांचं धोरण.

तोडगा काढला खानोलकरकाकूंनी. त्या आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये राहत आणि डोंबिवलीतली निम्मी लग्नं आपण जमवली असा त्यांचा दावा होता. त्यांनी पदर खोचून निकाल दिला, “अगं, भांडता कशाला? दोन स्थळं आहेत ना? मग दोन्ही बघा की. रविवारी दोघांनाही मशीनं घेऊन बोलवा. पोहे करा. समोरासमोर बसवा आणि बघा कोण पसंत पडतंय.”

सगळे हसले. मी हसले नाही, कारण त्याच्या आदल्याच महिन्यात ह्याच काकूंनी आणलेलं एक स्थळ मला बघून गेलं होतं. ती माणसं चांगली होती, पण मला खोलीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला लावलं. वर्तमानपत्रातला एक उतारा वाचायला लावला. मुलाच्या आत्याने सुईत दोरा ओवायला दिला, चष्म्याचा नंबर जास्त नाही ना ते बघायला. मी सगळं केलं. जाताना त्यांच्यातल्या कुणाचं तरी लक्ष बोर्डाकडे गेलं. बोर्डावर त्या दिवशी मी काढलेला जिन्याचा नकाशा होता, बाबांचा नव्हे. ते म्हणाले, वा, वडिलांची रेघ सुंदर आहे. मला विचारलं कुणीच नाही की मुली, तुला काय येतं. आठवड्याने नकार आला, तो आईला लागला. मला मात्र नकाराचा राग नव्हता, मला राग होता त्या सुई-दोऱ्याचा.

तर तो रविवार! आज इतक्या वर्षांनीही लिहिताना माझे हात शिवशिवतायत. आमच्याकडे वीज जायची ती शुक्रवारी, म्हणून रविवारचा भरवसा होता. सकाळीच काका रिक्षातून उतरले, मांडीवर मॉनिटर, जणू बारशाचं मूल. मागून मामा टॅक्सीने आला, ठाण्याहून डोंबिवलीपर्यंत टॅक्सी! ह्यावरूनच आईने अर्धा निकाल लावला. दोन मशीनं शेजारी ठेवायला जागा कुठली? बाबा उठले. त्यांनी टी-स्क्वेअर काढून भिंतीला टांगला, ट्रेसिंग पेपरची चिकटपट्टी अलगद सोडवली, आणि बोर्ड स्टँडवरून उतरवून दोन ट्रंकांवर आडवा टाकला. ज्या बोर्डावर आम्हाला कधी बोट ठेवू दिलं नव्हतं त्याच्यावर लोखंडी खोकी ठेवली गेली. आई स्वयंपाकघराच्या दारात पोह्यांची परात घेऊन तशीच उभी राहिली.

मशीनं सुरू झाली. तेव्हाच्या डब्यांवर पुढे आकडा चमकायचा. काकांच्या डब्यावर हिरवा चाळीस, मामाच्या डब्यावर लाल पंचवीस. गॅलरीत जमलेल्या पोरांनी एका सुरात जाहीर केलं, “चाळीस जिंकला!” मामा खवळला. “अरे, तो नुसता दिवा आहे! आत पिना बदलल्या की तो नव्व्याण्णवसुद्धा दाखवेल.” काकांनी ह्यावर शांतपणे पोह्यात लिंबू पिळलं, कारण ते खरं होतं.

मग परीक्षा सुरू झाल्या, आणि परीक्षक कोण, तर खानोलकरकाकू. कोण लवकर उठतं ते आधी बघू, म्हणाल्या, म्हणजे बटण दाबल्यापासून पडदा यायला किती वेळ. तिथे बरोबरी. मग मामाने एक प्रोग्रॅम काढला, तो मशीनचा वेग मोजून पट्टी दाखवायचा. मामाची पट्टी काकांच्या पट्टीच्या पुढे बोटभर गेली. टाळ्या. मग सोसायटीच्या मेंटेनन्सचा सगळा हिशेब दोघांवर घातला आणि एकदम एंटर दाबला. मामाचे आकडे भराभर बदलले, काकांचे मागून आले. मग एका लांबलचक मजकुरातला एक शब्द शोधायचा. पुन्हा मामा. दर वेळी फरक डोळ्याची पापणी लवेल एवढाच, पण दर वेळी पुढे मामाच! गॅलरीतल्या पोरांनी पक्ष बदलला. मी स्वतः टाळ्या पिटत होते. काय ते मशीन होतं! पंचवीस म्हणता म्हणता चाळीसला मागे टाकत होतं, आणि ते घाण्याचं कोडं माझ्या डोक्यात पहिल्यांदा लख्ख सुटलं. आकडा किती ह्याला अर्थ नाही, एका घाण्यात काम किती होतं ते बघायचं. आजही कुणी मला कसलाही मोठा आकडा सांगून भुलवू लागला की मी मनात विचारते, घाण्याला वडे किती?

आईने मामाला शिरा आणून दिला. काकांना नाही. काका मशीनच्या पाठीमागची वायर उगाच काढून लावत बसले. बाबा म्हणाले, “मग? ठरलं म्हणायचं?”

“ठरलं!” काकू म्हणाल्या. “मुलगा पसंत आहे.”

तो शब्द कानावर पडला आणि मला ती बघायला आलेली माणसं आठवली. चालून दाखवलं, वाचून दाखवलं, सुईत दोरा ओवला. पण काम? हे मशीन आम्ही ज्या एका कामासाठी घेणार होतो ते काम सकाळपासून कुणी त्याला सांगितलंच नव्हतं. ना मामाने, ना काकांनी, ना माझ्यासारख्या टाळ्या पिटणाऱ्या शहाणीने. मी आत जाऊन कपाटातून साहेबांनी दिलेला, नकाशांच्या प्रोग्रॅमच्या फ्लॉप्यांचा गठ्ठा काढला.

“नकाशा काढायला लावा,” मी म्हणाले.

“अगं, काढेल ना ते,” मामा हसला. “चारशे शहाऐंशी आहे, हेमे. ह्याला काय जड आहे?”

“मग काढू दे ना, मामा. मला बघायचंय.”

फ्लॉप्या एकामागून एक आत जाऊ लागल्या. घर्र, टक, टक. बराच वेळ गेला. लोक पांगले, पुन्हा आले. शेवटी मी प्रोग्रॅमचं नाव टाइप केलं आणि एंटर दाबला. पडदा काळा झाला, क्षणभर थांबला आणि एक इंग्रजी ओळ दाखवून परत मागे आला. ह्या मशीनमध्ये गणिताची जोडचिप नाही, सबब चालणार नाही. मामा म्हणाला फ्लॉपी खराब असेल. मी पुन्हा टाइप केलं, पुन्हा तीच ओळ. 

काकांची कळी खुलली. “आण इकडे तो गठ्ठा,” ते म्हणाले. “जुनं ते सोनं.” पुन्हा घर्र, टक, टक. पुन्हा काळा पडदा. आणि पुन्हा तीच ओळ, एका अक्षराचाही फरक नाही. काकांचा चेहरा असा उतरला की आईने न सांगता त्यांच्यापुढे शिऱ्याची वाटी सरकवली.

 क्लासातलं मशीन तर ह्या दोघांपेक्षाही जुनं, आणि त्याच्यावर मी रोज भिंती काढत होते. दिवाळी तीन आठवड्यांवर. पतपेढीचा तो जिना माझ्या डोळ्यांसमोर आला. बाबांनी भिंतीवर टांगलेल्या टी-स्क्वेअरकडे बघितलं ते मी बघितलं.

मामाने पुस्तिका उघडली. तो बडबड्या होता, पण खोटा नव्हता. वाचून तो हळूच म्हणाला, “ताई, ह्याच्या थोरल्या भावाच्या, म्हणजे महागड्या चारशे शहाऐंशीच्या, पोटात ती गणिताची चिप असते. हा धाकटा. मासिकात आलंय की ह्याच्याही पोटात असते, पण कंपनीने बंद करून ठेवलीय. म्हणून तर हा थोडा स्वस्त.”

“असून बंद?” आईने विचारलं. “कशासाठी?”

“पोरीला शिकवायची आणि मग घरात बसवायची, तसंच झालं की गं हे,” खानोलकरकाकू म्हणाल्या, आणि मग त्यांना आपण काय बोललो ते कळलं असावं, कारण त्यांनी माझ्याकडे बघायचं टाळलं.

“मग ती चालू करता येते का?” मी विचारलं.

“नाही. वेगळी घालावी लागते. आणि ती जवळजवळ नव्या चारशे शहाऐंशीच्याच भावात.”

तोवर काकांनी आपल्या डब्याचे स्क्रू काढले होते. टॉर्च पेटवून ते आत वाकले आणि एकदम ओरडले, “आहे! दादा, खळगा आहे!” डब्यातल्या हिरव्या बोर्डावर मोठ्या चिपशेजारी एक रिकामा चौकोनी खळगा होता, बारीक बारीक भोकांचा, ती गणिताची जोडचिप बसवायचा. क्लासातल्या जुन्या मशीनमध्ये तो भरलेला असणार. त्यांनी इतकी मशीनं जुळवली होती, पण दुकानदारांचे हिशेब आणि पत्रं टाइप करणाऱ्या गिऱ्हाइकांना त्या खळग्याची गरजच पडली नव्हती, त्यामुळे त्याच्याकडे त्यांनी कधी ढुंकून बघितलं नव्हतं. “विठ्ठलवाडीला माझा एक दोस्त आहे, त्याच्याकडे असणार. मी आलोच!” खाली कुणाची तरी स्कूटर मागितली आणि गेले.

काका येईपर्यंतचा वेळ कसा गेला विचारू नका. आईने पानं मांडली. खाडीच्या कोलंबीचा भात होता, माझा जीव की प्राण, आणि मी तो नुसता चिवडत बसले. मामा कुणाला आग्रह न करता जेवला. दर स्कूटरच्या आवाजाला मी गॅलरीत. शेवटी काका आले, शर्टच्या खिशावर हात घट्ट दाबून. खिशातून त्यांनी काळ्या स्पंजचा तुकडा काढला, त्यात टोचून ठेवलेली एक चौकोनी चिप, खाली केसासारख्या पिनांच्या रांगा. कशी बसवायची तर एका कोपऱ्यावर खूण, ती खळग्याच्या खुणेला जुळली पाहिजे. उलटी बसली तर चिप जळाली. काकांनी चष्मा पुसला, आत वाकले, पुन्हा सरळ झाले.

“हेमा, तू ये. तुझी बोटं बारीक आहेत. आणि काम तुझं आहे.”

मी खूण जुळवली. पिना भोकांवर टेकवल्या. “आता दाब. चारी बाजूंनी सारखं. घाबरू नको, बोर्ड वाकेल.” मी अंगठे ठेवून दाबलं. बोर्ड खरंच वाकला आणि कर्र असा आवाज झाला की मागे आईने “अगंबाई!” केलं. पण चिप खाली बसली, सपाट. काकांनी झाकण न लावताच बटण दाबलं. मी प्रोग्रॅमचं नाव टाइप केलं. पडदा काळा झाला. थांबला. आणि काळाच राहिला, पण ह्या वेळी खाली माझा ओळखीचा कर्सर लुकलुकायला लागला, बाजूला मेनूची उभी पट्टी आली. मी किंचाळले. गॅलरीतली पोरं कशासाठी ते न कळता किंचाळली.

क्लासातून आणलेल्या फ्लॉपीवर माझा एक नकाशा होता, तो मी उघडला. एक एक रेघ येऊ लागली. बाहेरची भिंत, आतली भिंत, दार, दाराचा पाव गोल, ओटा, मोरी. बाबा जवळ सरकले. “हा आपला ब्लॉक,” ते म्हणाले. मी टेपने सगळं घर मोजून तो नकाशा काढला होता, त्यांना न सांगता. खिडकीशी एक तिरका चौकोन आला. “आणि हा माझा बोर्ड?” मी मान हलवली. ते म्हणाले, “जवळ ने.” मी नेला. “अजून जवळ.” खिडकी पडदाभर झाली, आणि रेघ तशीच बारीक, तशीच सरळ. “भिंत नऊ इंच दाखवलीस. ती साडेचार इंचाची आहे.” मी ती रेघ पुसली. पडद्यावर तिचा मागमूस राहिला नाही. बाबा बघतच राहिले. “खरवडायला नको?” त्यांनी विचारलं, आणि स्वतःच लहान मुलासारखे हसले.

निकाल आईने दिला. पदराला हात पुसत ती म्हणाली, “भाऊ माझा आहे आणि मशीन त्याचंच हुशार आहे, ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. पण हे मशीन आणि वर ती चिप धरूनसुद्धा अरुणच्यापेक्षा स्वस्तच पडतंय, आणि आपलं काम हेच करतंय. बाळूभावजी, हे इथेच राहू दे.” काकांचे डोळे भरून आले. मामा उठला, त्याने काकांना मिठी मारली आणि म्हणाला, “बाळासाहेब, कढई तुमची. पण पाच वर्षांनी बघा, मीच बरोबर ठरेन.” तेही खरंच झालं. पुढे सगळ्याच चिपांच्या पोटात ते गणित आलं, ते रिकामे खळगे गेले, आणि मामाचं चारशे शहाऐंशी त्याच्या घरी वर्षानुवर्षं मजेत पत्रं लिहीत राहिलं. माझ्या मते दोघंही बरोबर होते. चुकलो होतो आम्ही, सुई-दोऱ्याने परीक्षा घेणारे. हल्ली घोडबंदर रोडला गाडी अडकली की मी खिडकीतून टॉवर बघत बसते. त्यातल्या काहींचे जिने माझे आहेत. त्या जिन्यांवरून चढणाऱ्यांना ठाकुर्लीच्या काकांची चिप कशी माहीत असणार!

त्या दिवाळीच्या आधी मी साहेबांचं पहिलं काम पूर्ण केलं. ठाण्याला त्यांच्या ऑफिसात प्लॉटर होता. तो ट्रेसिंग पेपरवर खऱ्या शाईच्या पेनाने नकाशा उमटवायचा. फ्लॉपी घेऊन बाबाच गेले. मी दिवसभर घरात येरझारा घालत होते. संध्याकाळी ते आले, हातात गुंडाळी, सदऱ्याला अमोनिया. बोर्ड परत खिडकीशी तिरका लागला होता, त्यांनी त्याच्यावर ती गुंडाळी उलगडली. नकाशा सुरेख होता, एकही रेघ चुकलेली नाही. साहेबांनी पास केलाय, ते म्हणाले. मी आनंदाने खालच्या कोपऱ्यापर्यंत नजर फिरवत गेले. तिथे प्रत्येक नकाशाला एक चौकट असते, काढणाऱ्याच्या आद्याक्षरांची. बाबांच्या प्रत्येक नकाशात तिथे व्ही. डी. एम. असायचं, म्हणून मीही सवयीने तेच टाइप केलं होतं.

ती अक्षरं तिथे नव्हती. कागद तेवढ्या जागी किंचित पांढुरका, खरखरीत झाला होता. ज्या पात्याने बाबा जन्मभर फक्त चुका खरवडत आले त्याच पात्याने त्यांनी आपलं नाव खरवडून काढलं होतं, आणि वर शाईने, थरथरत्या पण अजून सुंदर अक्षरात लिहिलं होतं, एच. व्ही. एम.